वाकळ : घरातील जुन्या कापसाचा हिशेब

कपाशीची शेवटची वेचणी आटोपली, फरदडीचा मोह न धरता पऱ्हाटी उपटून झाली, तूर खळ्यावरून घरात आली, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्यास काही दिवस थोडी उसंत मिळते. पुरुषमंडळींच्या या उसंतीच्या दिवसांत घरातील बायकांचे एक काम मात्र सुरू होते. दुपारची जेवणे झाली की ओसरीवर सारवलेल्या जमिनीवर एक जुने लुगडे पसरले जाते, त्याचे चार कोपरे चार दगडांनी दाबले जातात, आणि वर्षभर गाठोड्यात साठलेल्या जुन्यापान्या कापडाची वाकळ शिवण्यास आरंभ होतो. कोणी तिला गोधडी म्हणतात. हे काम आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिले आहे. आणि म्हणूनच बहुधा त्याच्याकडे कोणी नीट लक्ष दिलेले नाही.

वाकळ हा शेतकी मासिकाचा विषय कसा, असे आमच्या वाचकांपैकी कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, बियाणे, खत, कीड आणि भाव यांविषयी आपण नित्य बोलतो. परंतु हा सर्व खटाटोप ज्या कापसासाठी, तो कापूस कापड होऊन आपल्या घरी परत येतो की नाही, आणि आल्यास त्याचा शेवटपर्यंत उपयोग होतो की नाही, हा हिशेब आपल्या कोणत्याच वहीत नसतो. तो हिशेब वाकळेत सापडतो. शिवाय अलीकडे ही वाकळ शिवणे अवघड होऊ लागले आहे, आणि त्याचे कारण सुईत किंवा हातात नसून कापडात आहे. यास्तव हा लेख.

एका लुगड्याचे आयुष्य

सुती लुगडे आपल्या घरी किती कामे करीत असे ते पाहावे. नवे असता ते सणावारी नेसले जाई. रंग उतरला की रोजच्या वापरात येई, आणि त्यानंतर निंदणी-वेचणीच्या कामास. लुगडे सर्वत्र सारखे विरत नाही. मध्यभाग आधी जातो, काठाकडील आणि टोकाकडील भाग शाबूत राहतो. म्हणून घरधनीण विरलेला भाग फाडून काढी आणि चांगले दोन तुकडे जोडून घेई. यास दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे आणखी वर्षभर चाले. त्यानंतर त्यातून लेकराचे दुपटे निघे, झोळी होई, भाकरी गुंडाळण्यास फडके होई. आणि उरलेले सर्व वाकळेत जाई.

वाकळही एका जागी थांबत नसे. नवी असता पाहुण्यासाठी, जुनी झाली की घरच्यांसाठी, त्याहून जुनी झाली की बंडीत बसावयास किंवा थंडीत नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या अंगावर. अगदी चिंध्या झाल्या म्हणजे पोतेरे; आणि पोतेरेही झिजले म्हणजे उकिरड्यावर. तेथे शेणखताबरोबर कुजून ते पुन्हा शेतात जाई. म्हणजे जो कापूस शेतातून निघाला तो पंधरा-वीस वर्षे घराची सेवा करून शेतातच परत येत असे. यात मुद्दाम काटकसर करावी असा उपदेश कोणी कोणास केलेला नव्हता. कापड महाग होते आणि हातांस कसब होते, एवढ्या दोन गोष्टींनी हा क्रम बसून गेला होता.

वाकळ कशी होते

ज्यांनी वाकळ पांघरली पण ती होताना नीट पाहिली नाही, अशा वाचकांसाठी कृती थोडक्यात देतो.

प्रथम सर्व कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवितात. शिवणी उसवून, गुंड्या, आकडे, नाड्या काढून प्रत्येक तुकडा सपाट करतात. जमिनीवर अस्तराचे लुगडे पसरून त्यावर तुकड्यांचे थर मांडतात. येथेच खरे कसब आहे. एका तुकड्याची कड दुसऱ्यावर थोडी चढली पाहिजे. पण दोन जाड शिवणी एकाखाली एक येता कामा नयेत, नाही तर तेथे गाठ होते आणि निजणाऱ्याच्या पाठीस टोचते. विरलेला तुकडा मध्यभागी व घट्ट तुकडा कडेस घालतात, कारण वाकळ कडेने आधी फाटते. तीनपासून पाचपर्यंत थर झाले की वर शाबूत लुगड्याचा थर घालून कडा आत दुमडतात.

मग सुती दोऱ्याने धावदोरा घालण्यास प्रारंभ होतो. टाका कडेपासून सुरू होतो आणि चारी बाजूंनी फिरत फिरत आत येतो. एका चौकटीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी, असे करीत मध्यावर संपतो. दोन-तीन बायका असल्या तर एकेक बाजू वाटून घेतात. असे कडेकडून आत येण्यात शहाणपण आहे. थर कडेस आधी बांधले जातात, आणि शिवताना हळूहळू सपाट करता येतात.

ऊब येते ती कापडाच्या जाडीने तितकी येत नाही, जितकी थराथरांमध्ये कोंडलेल्या हवेने येते. टाके जवळ असल्याने आतील तुकडे सरकत नाहीत, आणि अगदी विरलेले कापडही शेजारच्या थरांच्या आधाराने वर्षानुवर्षे टिकते. जे कापड एकटे एका धुण्यात फाटले असते, तेच पाचांत मिळून दहा वर्षे चालते.

आता टाक्यांचा हिशेब करू. वाकळ सहा फूट लांब व साडेचार फूट रुंद, म्हणजे अदमासे १८० सेंटिमीटर गुणिले १३५ सेंटिमीटर धरावी. टाक्यांच्या दोन रांगांत दीड सेंटिमीटर अंतर धरले तर सर्व रांगांची लांबी १६२ मीटर भरते. दर सेंटिमीटरास एक टाका धरल्यास १६,२०० टाके होतात. चार-पाच थरांतून सुई काढावयाची असल्याने मिनिटास सहा टाक्यांहून अधिक वेग धरता येत नाही. त्या मानाने नुसत्या शिवणीस ४५ तास लागतात. रोज दुपारचे तीन तास दिले तर पंधरा दिवस. धुणे, उसवणे आणि मांडणे यांचा वेळ निराळा. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

अडचण कोठे आली

आज गावोगावच्या बोचक्यांत हात घालून पाहिले तर सुती कापड फार थोडे सापडते. साड्या, सदरे, लेकरांचे कपडे, सर्व बहुतेक पॉलिस्टरचे किंवा मिश्र धाग्याचे. याचा दोष आम्ही घरातील बायकांस देत नाही. ही साडी स्वस्त पडते, लवकर वाळते, अंगावर हलकी असते, आणि वेचणीच्या हंगामात ज्या बाईस एका रात्रीत धुऊन वाळवून तीच पुन्हा नेसावयाची आहे तिला ती सोयीचीच आहे. परंतु वाकळेच्या कामी हे कापड उपयोगी पडत नाही. ते सुईखाली निसटते, थर एकमेकांवर बसत नाहीत; ते घाम शोषून घेत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात अंगास चिकटते. चुलीजवळ ठिणगी पडली तर सुती कापड जळते, हे मात्र वितळून कातडीस चिकटते. आणि शेवटी उकिरड्यावर गेले तरी कुजत नाही. नांगराच्या फाळास गुंडाळून वर येते. ज्या घरांत याच्या गोधड्या शिवल्या गेल्या तेथील वृद्ध स्त्रिया त्यांस खरी वाकळ समजत नाहीत, ते उगाच नव्हे.

ज्या जिल्ह्याची ओळखच कापसाने आहे, त्या जिल्ह्यात घरच्या वाकळेपुरते जुने सुती कापड मिळू नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. थोडा हिशेब करू. एक क्विंटल कापूस रेचून सुमारे ३४ किलो रुई व ६५ किलोंच्या आसपास सरकी निघते. सूतकताईतील तूट वजा जाता त्या रुईपासून ठोकळ मानाने पंचवीस ते तीस नऊवारी लुगडी व्हावीत. म्हणजे बंडीभर कापूस विकून येणाऱ्या शेतकऱ्याने त्या बंडीत आपल्या वस्तीतील सर्व बायकांची वर्षाची वस्त्रे बाजारात पोहोचविलेली असतात. आणि परत येताना तो दगडी तेलापासून काढलेल्या धाग्याची साडी घेऊन येतो. गंमत अशी की, त्याच्या खिशातील नोटांचा कागद मात्र निव्वळ कापसाचा असतो. आपल्या देशातील चलनी नोटांचा कागद शंभर टक्के कापसाचा आहे, असे रिझर्व्ह बँकच सांगते. कापूस घरी येतो तो असा, नोटेच्या रूपाने. आणि तोही फार दिवस टिकत नाही.

हे आजचेच आहे असे नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरांची अरुंद मापाची आगगाडी येथील कापूस मुंबईच्या वाटेस लावण्यासाठी घातली गेली. लोक तिला 'शकुंतला' म्हणत. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टर येथे तयार झालेले होते, आणि ते १९९४ पर्यंत चालले. त्या गाडीची वाहतूक आता थांबली आहे. परंतु कच्चा माल बाहेर जावा आणि पक्का माल विकत घ्यावा, ही जी रीत त्या रुळांवरून आली, ती रूळ गंजले तरी गेली नाही.

कापड ओळखण्याची रीत

वाकळेसाठी कापड निवडताना शंका असल्यास एक सोपी परीक्षा आहे. कडेचे चार-सहा धागे काढून, चिमट्यात धरून, लेकरांपासून दूर, दिव्यावर न्यावे. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदासारखाच येतो, आणि मागे मऊ राख राहते. पॉलिस्टर आक्रसून वितळते व थंड होताच त्याची कठीण काळी गोळी बनते. राख आणि गोळी दोन्ही दिसल्यास कापड मिश्र समजावे. मिश्र कापड अगदी टाकून देण्याचे कारण नाही. पिशवी, पायपुसणे, बैलाच्या झुलेचे अस्तर यांस ते चालते. अंगाशी येणाऱ्या थरांस मात्र शुद्ध सुतीच असावे.

आता एक सूचना अशी करावयाची आहे की जिच्यापुढे बाकी सर्व गोष्टी दुय्यम आहेत. फवारणीच्या वेळी वापरलेले कपडे वाकळेत, दुपट्यात किंवा घरातील कोणत्याही फडक्यात कधीही घालू नयेत. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, आणि शेकडो जणांस दवाखान्यात जावे लागले, हे आपण विसरलो नाही. औषध कातडीवाटेही अंगात जाते, आणि कापडात मुरलेले औषध एका धुण्याने निघून जात नाही. फवारणीचा सदरा वेगळा ठेवावा, घरच्या इतर कपड्यांत न मिसळता वेगळा धुवावा, आणि फाटल्यावर त्याचा मोह धरू नये. तो बोचक्यात पडला तर दोन वर्षांनी तो कोणता होता हे कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि त्याचेच दुपटे होऊन ते तान्ह्या मुलाच्या तोंडाशी येऊ शकते. औषधांच्या पिशव्या व डबे यांच्या वस्तू करण्याची जी खोड काही ठिकाणी आहे, तीही याच कारणाने सोडली पाहिजे. टाकाऊतून टिकाऊ करण्याची कला मोठी खरी. परंतु काय टाकून द्यावे हे कळणे हा तिचा पहिला धडा आहे.

चिंधीचा कागद

वाकळेसही न चालणाऱ्या सुती चिंध्यांची आणखी एक गती आहे, ती कागदाची. दौलताबादेजवळील कागजीपुरा आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर ही गावे हातकागदासाठी प्रसिद्ध होती. जुन्या दप्तरांतील कितीतरी कागद जुन्नरी आहे. चिंध्या बारीक कापून, चुनखडीच्या पाण्यात मुरवून, कुटून त्यांचा लगदा करावयाचा. तो पाण्यात कालवून जाळीच्या साच्यावर पातळ थराने उचलावयाचा. दाबून, वाळवून, खळ देऊन घोटावयाचा. असा तो व्यवसाय.

गिरणीच्या कागदापुढे तो मोडकळीस आला असता त्यास पुन्हा उभे करण्याचा यत्न आपल्या शेजारीच झाला. वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. तेथे मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने, श्री. जे. सी. कुमारप्पा यांच्या चालकत्वाखाली, तेलघाणीपासून हातकागदापर्यंत अनेक धंद्यांचे प्रयोग केले. १९३८ साली महात्मा गांधींच्या हस्ते तेथे मगन संग्रहालय उघडले गेले. ते आजही पाहावयास मिळते. १९४० साली पुणे येथे हातकागद संस्था निघाली. या कागदासही पॉलिस्टर चालत नाही. ते कितीही कुटले तरी लगदा होत नाही. म्हणजे शुद्ध सुती चिंधीस वाकळेनंतरही मोल आहे, आणि मिश्र चिंधीस वाकळेआधीच नाही. आमच्या वाचकांपैकी कोणी कामानिमित्त वर्ध्यास गेल्यास अर्धा दिवस मगनवाडीकरिता काढावा, आणि शक्य झाल्यास घरातील स्त्रियांसही बरोबर न्यावे.

मजुरी कोणत्या खात्यात

आता त्या ४५ तासांकडे वळू. आठ तासांचा दिवस धरला तर नुसती शिवण साडेपाच दिवसांची होते; धुणे, उसवणे व मांडणी मिळून एक वाकळ म्हणजे सहा ते सात दिवसांची पुरी मजुरी. ज्याने त्याने आपल्या गावचा रोजाचा दर घालून गुणाकार करावा. जो आकडा येईल तो वाकळेचा किमान आकार होय. आणि त्यात कसबाचे काहीच धरलेले नाही. आम्ही हा गुणाकार करून पाहिला तेव्हा आम्हांस थोडी लाज वाटली, हे कबूल केले पाहिजे. बैलाचे कुटार, सालदाराचे साल, डिझेलचा खर्च, सर्व आपल्या वहीत असते. घरातील आठ पांघरुणे कोणी शिवली, त्यास किती दिवस लागले, हे कोठेही नसते. जणू ती आपोआप झाली!

शहरांत हाताने शिवलेल्या गोधडीस आता गिऱ्हाईक आहे, आणि तिच्या विक्रीवर चालणारे बचत गटही आहेत. ही गोष्ट चांगली आहे. तथापि आम्ही कोणास खोटी आशा दाखवू इच्छीत नाही. एका बाईच्या हातून उन्हाळ्याच्या उसंतीत चार-पाच वाकळींहून अधिक होणार नाहीत, आणि त्यांतून पिकाचे कर्ज फिटणार नाही. जो कोणी असे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. विक्री करावयाचीच असेल तर वरील गुणाकारापेक्षा कमी दराने करू नये, एवढेच आमचे सांगणे. तासाची मजुरीही न सुटता केलेली विक्री म्हणजे घरातील हात फुकट विकणे होय.

या बाबतीत पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील तांड्यांवरील बंजारा स्त्रियांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. आरसे, कवड्या, नाणी जडवून केलेले त्यांचे भरतकाम दूरवर नावाजलेले आहे. जाडेभरडे कापड, चलनातून गेलेले नाणे, आणि रंगीत दोरा; सामान एवढेच. फेटिया विरला तरी त्यावरील भरलेला तुकडा काढून ठेवावयाचा आणि नव्या वस्त्रावर किंवा पिशवीवर पुन्हा बसवावयाचा, ही त्यांची रीत. आईचे काम लेकीच्या अंगावर आले, म्हणून ते जुने झाले असे तेथे कोणी मानीत नाही. आपल्या वाकळेतही तेच असते. थोडे लक्ष देऊन पाहिले तर एका कोपऱ्यात आजीच्या लुगड्याचा काठ सापडतो, दुसरीकडे वडिलांच्या बंडीचा खिसा, मध्यावर आपल्याच लहानपणच्या अंगरख्याची फुले. घराची वंशावळ भाटाच्या वहीत असेल किंवा नसेल, वाकळेत ती असतेच.

काय करता येईल

शेवटी दोन-तीन गोष्टी सुचवून आम्ही हा लेख पुरा करतो. पहिली, कापूस विकून घरी जाताना वर्षातून निदान एकदा घरातील प्रत्येकासाठी एक सुती वस्त्र घ्यावे. ते थोडे महाग पडेल. परंतु त्याचा भाव एका वर्षाचा न धरता पंधरा वर्षांचा धरावा, कारण ते दुपटे आणि वाकळ होऊन तितकी वर्षे चालणार आहे. दुसरी, घरात दोन बोचकी ठेवावीत, एक शुद्ध सुती कापडाचे व दुसरे मिश्र कापडाचे. आणि फवारणीचे कपडे या दोहोंतही जाऊ देऊ नयेत. तिसरी, येत्या उन्हाळ्यात वाकळ पसरली जाईल तेव्हा मुलींबरोबर मुलांसही एका बाजूस बसवावे. शिवणे येवो न येवो, कडेपासून मध्यापर्यंत सोळा हजार टाके कसे जातात हे त्यांनी एकदा पाहिले म्हणजे पुढे पांघरूण लाथेने दूर सारताना त्यांचा पाय थबकेल.

आणि हिशेबाच्या वहीत एक नवे पान घालावे. त्यावर वाकळ कोणी शिवली, कोणत्या महिन्यात, किती दुपारी लागल्या, एवढे लिहावे. पैसे द्यावयाचे असोत वा नसोत, नाव तरी लिहिले जावे. कापसाचा हिशेब आपण बोंडापासून मांडावयास शिकलो आहोत. तो वाकळेपर्यंत नेला, तरच पुरा झाला असे म्हणता येईल.